नीलिमाताई, ते बटण मी दाबलं होतं

नीलिमाताई,

तुमची उंची किती हे मला सव्वा वर्ष माहीत नव्हतं. आवाज माहीत होता, चष्मा माहीत होता, तुमच्या मागे दोरीवर टाकलेली निळ्या फुलांची चादर माहीत होती. दिवसातून दोनदा आपण बोलायचो. मी नागावला आमच्या माडीवरच्या खोलीत, तुम्ही हरिहरेश्वरला. जिल्हा एक, समुद्र एक, आणि तरी आपली पहिली भेट झाली ती कंपनीने सगळ्यांना नागावच्या एका रिसॉर्टवर दोन दिवसांसाठी जमवलं तेव्हा. मुंबईचे लोक बोटीने मांडव्याला उतरून आले, पुण्याचे गाड्या करून. जो तो समोरच्याला बघून "अरे, तू एवढा उंच?" म्हणत होता. तुम्ही एसटीने आलात. हातात कापडी पिशवी, पिशवीत सगळ्यांसाठी आमसुलाच्या पुड्या. मला बघून म्हणालात, "तेजस, कॉलवर इतका भांडतोस, मला वाटलं होतं चांगला दांडगा असशील."

तुम्ही माझ्या खांद्याला लागत होतात. मला खरंच धक्का बसला. माझ्या कामातल्या चुका तुम्ही ज्या आवाजात वाचून दाखवायचात, तो ऐकून ही बाई माझ्यापेक्षा उंच असणार असं मी धरूनच चाललो होतो.

तुम्ही आलात तेव्हा कंपनीत आम्ही चौदा जण. लहान-मध्यम रुग्णालयांसाठी प्रोग्राम लिहायचं आमचं काम: पेशंटची नोंद, तपासण्या, औषधं. ऑफिस कुठेच नव्हतं. रोहनने कंपनी काढली तेव्हाच ठरवलं होतं की जो जिथे राहतो तिथूनच काम करील. एके दिवशी त्याने सांगितलं, "आपल्याकडे आता टेस्टर येताहेत. आपण लिहिलेलं तपासायला. पंचवीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय त्यांनी." आम्ही सगळे पंचविशी-तिशीतले. कुणीतरी हसलं. मीच असेन.

तुमची शाळा पट घटला म्हणून बंद पडली होती आणि पन्नाशीला आलेल्या बाईंना दुसरी शाळा घेत नव्हती. पुण्याहून मुलीने ऑनलाइन कोर्स लावून दिला आणि तुम्ही तो शिवणयंत्राच्या टेबलावर लॅपटॉप मांडून पुरा केलात. हे सगळं मला पुढे कळलं. पहिल्या आठवड्यात कळलं ते एवढंच, की आमचा प्रोग्राम आम्ही समजत होतो तेवढा चांगला नाही. आम्ही तो जसा वापरायला हवा तसा वापरून बघायचो. तुम्ही तो माणसं वापरतात तसा वापरायचात. नावाच्या जागी फोन नंबर टाकायचात. मध्येच उठून चहा ठेवून यायचात आणि वीस मिनिटांनी पुढचं बटण दाबायचात. वीज गेली की आम्ही वैतागायचो, तुम्ही खूश. "आमच्याकडे जाते तशी रुग्णालयातही जाते. बघू तरी तुमच्या प्रोग्रामचं काय होतं."

पहिल्याच दिवशी मी तुम्हाला ताई म्हटलं, तर तुम्ही अडवलंत.

"इथे सगळे रोहनला रोहन म्हणतात. मला नीलिमा म्हण."

"जमणार नाही, ताई."

"जमव. ताई म्हटलंस की माझ्याशी भांडणार नाहीस. भांडला नाहीस तर माझं कुठे चुकतंय ते मला कळायचं कसं?"

नीलिमा म्हणणं जमलं नाही. भांडणं मात्र छान जमलं. सकाळी दहाच्या कॉलला आपली जी जुंपायची! तुम्ही एक चूक दाखवायचात, मी म्हणायचो असं कोण वागतं, तुम्ही म्हणायचात मी वागले ना आत्ता. माझी आई जिन्याखालून ओरडायची, "अरे, कुणाशी तंडतोयस? जेवायला तरी बोलाव त्या माणसाला."

मग कंपनी वाढायला लागली. वाढायला लागली म्हणजे काय, ते आमच्या घरात कुणाला नीट समजावता आलं नाही मला. दर सोमवारी पडद्यावर नवे चेहरे यायचे. आधी सगळे एका पडद्यावर मावायचे, मग दोन पडदे झाले, मग मी मोजायचं सोडलं. कंपनीचे टी-शर्ट कुरिअरने नागावात यायला लागले आणि कुरिअरवाला आईला विचारायला लागला, तुमचा मुलगा कापडाचा धंदा करतो का. मागच्या महिन्यात घेतलेला निर्णय या महिन्यात जुना व्हायचा. मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू. गावात, माडीवर बसून आपण कुठल्या तरी मोठ्या, धावणाऱ्या गोष्टीत आहोत, याची झिंग होती.

तुम्हालाही आवडत होतं. फक्त तुम्ही मधूनच विचारायचात, "तेजस, आपण वाढतोय की सुजतोय?" त्यावर आपला वाद कधीच संपला नाही. मी म्हणायचो, थांबलो तर दुसरं कुणीतरी पुढे जाईल. तुम्ही म्हणायचात, जाऊ दे की, रस्ता काय एकाच्याच बापाचा आहे? आणि बोलता बोलता नव्या मुलांना हाताशी धरत होतात. दुपारी चारला तुमचा वर्ग भरायचा. कुणी सांगितला नव्हता, कुणाच्या कामात लिहिलेला नव्हता. वर्ध्याचा एक, कोल्हापूरच्या दोघी, पेणची सायली. सायलीने आयुष्यात पहिली नोकरी धरलेली, कॉलवर तोंड उघडायला घाबरायची. तुम्ही तिला म्हणालात, "तू प्रश्न विचार. मूर्खासारखा असला तरी विचार. असले प्रश्न आपल्याकडे कमी पडतात." तीन महिन्यांत सायली रोहनला प्रश्न विचारायला लागली.

आता त्या दिवसाबद्दल.

लहान मुलांना औषध वजनावर देतात. नर्सने वजन टाकलं की किती मिली द्यायचं ते दाखवणारा भाग मी लिहिला होता. सात रुग्णालयांचा एक मोठा गट दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून तो वापरणार होता. आमच्याकडे एवढं मोठं काम पहिल्यांदाच आलेलं. दुपारी तीन वाजता तुमचा फोन आला.

"तेजस, नर्सना दिलेल्या टॅबवर मराठी कीबोर्ड आहे ना? मी वजन मराठी आकड्यांत टाकलं. तुझ्या प्रोग्रामला ते कळलं नाही."

"मग चूक दाखवली असेल."

"नाही दाखवली. गुपचूप आधीच्या मुलाचं वजन धरलं आणि त्यावर औषध सांगितलं."

चूक केवढी आहे ते मला कळलं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "ताई, मराठी आकडे कोण टाकतं? हजारात एखादी."

"हजारात एखादं म्हणजे आमच्या गावातलं एक पोर. नाव सांगू?"

कॉलवर रोहन आला. दुरुस्तीला किती वेळ लागेल, त्याने विचारलं. लिहून, पुन्हा सगळं तपासून, उद्या संध्याकाळ, मी म्हटलं. म्हणजे सकाळचे आठ चुकणार. रोहनने तुम्हाला खूप समजावलं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "मी खूण करणार नाही," एवढंच म्हणालात. आमच्यात पद्धत अशी की तुम्ही तपासून हिरवी खूण केलीत की नवीन काम रुग्णालयांकडे जायचं. खूण नसताना पाठवायचा हक्क तिघांना होता, अडीअडचणीसाठी. त्यातला एक मी.

दहा मिनिटांनी रोहनचा मला एकट्याला फोन आला. "आज जाऊ दे. दुरुस्ती उद्या टाकू. एका दिवसात काय होतंय?" माझं टीम लीड होण्याचं त्याच आठवड्यात ठरायचं होतं. त्याने त्याचा उल्लेख केला नाही. गरजच नव्हती. मी खिडकीबाहेर बघितलं. बाबा खाली वाडीत झावळ्या गोळा करत होते. मी बटण दाबलं.

तुमचा मेसेज लगेच आला. "तू सोडलंस का?"

"रोहन म्हणाला," मी लिहिलं.

"बरं."

त्यानंतर दीड तास तुम्ही कुठे गेलात ते कुणाला कळलं नाही. मला वाटलं रुसलात.

दुसऱ्या दिवशी दहाला सगळी कंपनी कॉलवर. सातही ठिकाणी काम सुरू झालं, रोहन सांगत होता, पडद्यावर टाळ्यांची आणि बदामांची चित्रं उडत होती. तुम्ही माइक चालू केलात.

"मला एक सांगायचंय. काल आपण एक चूक माहीत असून सोडली. मी सातही रुग्णालयांच्या मुख्य नर्सना काल फोन करून सांगितलंय, लहान मुलांचं औषध दोन दिवस कागदावर हिशेब करून बघा, नुसत्या पडद्यावर विसंबू नका. मी विचारलं नाही कुणाला. ते चुकलं असेल तर माझं."

टाळ्या उडायच्या थांबल्या. कुणीतरी विचारलं, "कुणी सोडली?"

तुम्ही म्हणालात, "आपण."

मी माझ्या चौकोनात बसून होतो. माझा चेहरा शंभरएक माणसांना दिसत होता आणि त्यातल्या एकालाही काही कळलं नाही. तुमची नोकरी जाणार असं सगळ्यांनीच धरलं. रोहनने तुम्हाला नंतर जे सुनावलं ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. त्यानेच मला पुढे सांगितलं, मान खाली घालून. कारण दुपारी एका रुग्णालयातून मुख्य नर्सचा फोन आला होता. दीड वर्षाचं मूल, अकरा किलोचं. पडद्यावर औषध दिसत होतं त्याच्या आधी आलेल्या दहा वर्षांच्या मुलीच्या वजनाचं. "त्या बाईंनी काल सांगितलं म्हणून मी पुन्हा हिशेब केला," नर्स म्हणाली. "त्यांना द्या ना फोन. आभार मानायचेत."

रोहनचं एक मी मानतो. त्याने संध्याकाळी सगळ्यांना पुन्हा बोलावलं, चूक माझी म्हणाला, आणि टेस्टरची खूण असल्याशिवाय काहीही पाठवायचा हक्क सगळ्यांचा काढून घेतला, स्वतःचासुद्धा. दुरुस्ती मी तोवर केली होती. तुम्ही ती तपासलीत, खूण केलीत, आणि खाली लिहिलंत, "छान काम." मला त्या दोन शब्दांनी जेवण गेलं नाही. पुढच्या आठवड्यात मी टीम लीड झालो. सगळ्यात आधी अभिनंदन तुमचं आलं.

बटण कुणी दाबलं हे तुम्ही कधीच कुणाला सांगितलं नाहीत. सगळे समजत राहिले रोहननेच. मी समजू दिलं. आणि रोहन? त्याने तरी कुठे सांगितलं.

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी, एका रविवारी, मी तुमच्याकडे आलो. नागावहून मुरूड, आगरदांड्याला जंगलजेटीच्या बोटीवर मोटरसायकल चढवून खाडीपलीकडे दिघी, तिथून श्रीवर्धनवरून हरिहरेश्वर. वाटभर वाक्य जुळवत होतो. "ताई, त्या दिवशी माझं चुकलं." सोपं वाक्य आहे. तुम्ही दारातच ओरडलात, "अहो, आमचा भांडखोर आला!" अण्णा, तुमचे यजमान, हातातलं सोडून बाहेर आले. यात्रेकरूंसाठी ठेवलेल्या दोन खोल्या त्यांनी मला कौतुकाने दाखवल्या. तुम्ही तुमचं ऑफिस दाखवलंत. शिवणयंत्राचं टेबल, आणि ती निळ्या फुलांची चादर. तुम्ही चादर बाजूला सारलीत तर मागे छतापर्यंत नारळ आणि सुपारीची पोती. "ही दिसली असती तर तुम्ही लोकांनी मला गंभीरपणे घेतलं असतंत का?" केवढं हसलात.

घावन झाले, फणसाची भाजी झाली, सोलकढीच्या तीन वाट्या झाल्या. तुम्ही सायलीबद्दल बोललात, बंद पडलेल्या शाळेच्या पत्र्यांबद्दल बोललात. दोनदा तुम्ही गप्प बसलात, बराच वेळ. आता कळतंय, मला जागा करून देत होतात. मी दोन्ही वेळा पाणी प्यायलो. निघताना फाटकाशी तुम्ही म्हणालात, "बोलायला आलास आणि जेवून चाललास."

"परत येईन, ताई."

"ये."

तीन महिने झाले त्याला. दर रविवारी काहीतरी निघत गेलं.

त्या मंगळवारी दहाच्या कॉलला तुम्ही नव्हतात. ताप असला तरी, नेट नसलं तर गच्चीवरून फोनवर, पण दहाला तुम्ही असायचात. सव्वादहाला रोहनने मला लिहिलं, "तू जवळ राहतोस, बघ ना." जवळ! त्याला नकाशावर जवळ दिसत असेल. तुमचा फोन वाजत राहिला. मग मी अण्णांच्या खोल्यांचा नंबर लावला. शेजारच्या कुणीतरी उचलला.

"बाई न्हाय राहिल्या. सकालीच. छातीत दुखाय लागलं, गाडी आनेपर्यंत संपलं सगलं. तुमी कोन?"

मला सांगता येईना. ऑफिसातला म्हणावं तर ऑफिस कुठलं? मित्र म्हणावं तर मी तीस वर्षांचा पोरगा. "त्यांच्या कामावरचा," मी म्हटलं, आणि गाडीला किक मारली.

मी पोचलो तेव्हा तुमची मुलगी पुण्याहून यायची होती, म्हणून थांबले होते. लॅपटॉप टेबलावर उघडाच होता. दहा वाजायच्या आधी तुम्ही तो उघडून ठेवला होतात. त्यावर मेसेजवर मेसेज येत होते, ताई कुठे आहात, ताई सगळं ठीक ना, आणि ते कुणी बंद करत नव्हतं, कारण कसं करायचं ते घरात कुणाला माहीत नव्हतं. मी केलं. ताई, तुमच्यासाठी मी केलेलं ते पहिलं काम.

तेराव्याला पुन्हा गेलो. कंपनीतल्या लोकांनी लिहिलेलं सगळं छापून नेलं होतं, एकशे साठ पानं भरली. जेवणं झाल्यावर अण्णा ओटीवर ते हातात धरून बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "तेजस, एवढी माणसं हिला ओळखायची? ही दिवसभर त्या चादरीपुढे बसायची. आम्हाला इतकंच माहीत की कॉम्प्युटरवर काहीतरी तपासते. नेमकं काय करायची रे ती?"

मी सांगायला लागलो. वजन, मराठी आकडे, सात रुग्णालयं, अकरा किलोचं मूल. ते आता कुठेतरी धावत असेल, त्याच्या आईबापांना तुमचं नावही माहीत नाही. अण्णा ऐकत होते. मग मी म्हटलं, "आणि अण्णा, ते पाठवायचं बटण मी दाबलं होतं. ताईंनी नको म्हटल्यावर."

पहिल्यांदाच मी ते तोंडाने बोललो. ज्यांना सांगायचं त्या सोडून दुसऱ्यालाच.

अण्णांनी पानं बाजूला ठेवली. "हां," म्हणाले. "मग तो तू होय. मागच्या वर्षी ही दोन दिवस नीट जेवली नव्हती. विचारलं तर म्हणाली, माझ्या एका पोराने कॉपी केलीय. मी म्हटलं, मग ओरड की त्याला. तर म्हणे, हुशार आहे तो, ओरडले तर माझ्यासाठी सुधारेल. त्याचा तो सांगायला येईल, थांबते मी. मला वाटलं शाळेतलं काहीतरी जुनं बोलत्ये."

अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आलास ना. ती नाही, म्हणून मी ऐकलं. बस आता. चहा घे."

ताई, तुम्ही मला वेळ दिलात आणि मी तो घालवला. "माफ करा" हे आता तुम्हाला ऐकू जाणार नाही, पण जे ऐकू शकत होते त्यांना सांगायचं राहिलं होतं. आज सकाळी दहाच्या कॉलला मी माइक चालू केला. दोनशेच्या वर माणसं असतील, निम्म्यांनी तुम्हाला एकदाच पाहिलेलं, काहींनी पाहिलेलंच नाही. मी सगळं सांगितलं. बटण, टीम लीड, तुमचं "आपण". रोहन म्हणाला, "मी सांगितलं म्हणून त्याने दाबलं." मी म्हटलं, "बोट माझं होतं." पडद्यावर सगळे नुसते बसून होते.

तुमची जागा आता सायलीकडे आहे. तिनेच शांतता मोडली. विचारलंन, "तेजसदादा, आज तीन जणांचं काम तपासायला आलंय. कुणाचं आधी घेऊ?"

"माझं घे," मी म्हटलं. "आणि मला दादा म्हणू नकोस."